मॉनिटर कोणाच्या सांगण्यावरून वळतो?

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने २०११ मध्ये गर्भपाताविषयी एक कायदा केला. गर्भपाताच्या किमान चार तास आधी त्या स्त्रीची सोनोग्राफी करावी, मॉनिटर तिला दिसेल असा ठेवावा आणि त्यावर जे दिसते त्याचे वर्णन तिला त्याच वेळी ऐकवावे, असे त्यात सांगितले होते. त्याच कलमात पुढे असेही म्हटले होते की, तिने त्या चित्रावरून नजर वळवली किंवा वर्णन ऐकण्यास नकार दिला, तर हा कायदा तिला त्यापासून अडवणार नाही. पहिल्या वाचनात ही सवलत वाटते. परंतु ही मुभा केवळ तिला होती, डॉक्टरला थांबण्याची मुभा नव्हती. तिने डोळे मिटले, कान झाकले, तरी गर्भाची लांबी किती, हातपाय दिसतात का, कोणते अवयव तयार झाले आहेत, हे सारे त्याने तिच्यासमोर बोलून पूर्ण करायचेच होते. ऐकायचे नाही असे स्पष्ट सांगणाऱ्या रुग्णासमोर डॉक्टरने बोलत राहावे, अशी अपेक्षा बाळगणारा वैद्यकीय कायदा गर्भपाताच्या विषयाबाहेर माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत गेल्या दोन दशकांत अनेक राज्यांनी अशा स्वरूपाचे कायदे केले. काहींनी सोनोग्राफी सक्तीची केली, काहींनी ती केल्यास चित्र पाहण्याची संधी देणे सक्तीचे केले, आणि टेक्सास, लुइझियाना, विस्कॉन्सिन, केंटकी यांसारख्या थोड्या राज्यांनी त्याहून पुढे जाऊन चित्र दाखवणे आणि त्याचे वर्णन करणे हेही डॉक्टरचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. या कायद्यांवर न्यायालयांनी दिलेले निकाल मी मुळातून वाचले, आणि माझे मत लपवून ठेवण्याची मला गरज वाटत नाही. स्वतःची सोनोग्राफी पाहण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, आणि त्याच कारणाने ती न पाहण्याचाही हक्क तिला आहे. हा निर्णय तिच्या हातून काढून घ्यायचा आणि सरकारला जे म्हणायचे आहे ते डॉक्टरच्या तोंडून तिला ऐकवायचे, याला माहितीपूर्ण संमती म्हणता येणार नाही.

सोनोग्राफी हे गर्भपाताआधीचे निरुपयोगी सोपस्कार आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. गर्भ किती आठवड्यांचा आहे, तो गर्भाशयात आहे की गर्भनलिकेत, एक आहे की जुळे आहेत, हे तिच्यामुळे कळते. शेवटच्या पाळीची तारीख नीट आठवत नसेल, ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल किंवा मधूनच रक्तस्राव होत असेल, तर सोनोग्राफी जीव वाचवू शकते, कारण नलिकेतील गर्भ वेळीच लक्षात आला नाही तर नलिका फुटून आत रक्तस्राव होतो. म्हणूनच कायदा नसतानाही अमेरिकेतील बहुतेक केंद्रे ही तपासणी नेमाने करत आली आहेत. फरक इतकाच की तेथे मॉनिटर सहसा तपासणाऱ्याकडे वळलेला असतो आणि स्त्रीने विचारले तर तो तिच्याकडे वळवला जातो.

मात्र प्रत्येकीला ही तपासणी हवीच असेही वैद्यकशास्त्र म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, गर्भपाताची सेवा देण्यासाठी सोनोग्राफी ही पूर्वअट ठेवू नये, अशी शिफारस केली आहे. त्याआधी कोविडच्या साथीत ब्रिटनमध्ये गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातासाठी प्रत्येकीला केंद्रावर बोलावणे बंद करून, दूरध्वनीवर इतिहास विचारून, ज्यांना आवश्यक वाटेल त्यांचीच सोनोग्राफी करण्याची पद्धत सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समधील ५२ हजारांहून अधिक गर्भपातांच्या अभ्यासात आधीच्या आणि नंतरच्या पद्धतीत यशाचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे ९८ टक्क्यांच्या वर आढळले. सोनोग्राफी कोणाची करावी हे त्या त्या रुग्णाकडे पाहून ठरते, आणि ते ठरवण्याचे शिक्षण विधिमंडळाच्या सदस्यांनी घेतलेले नसते.

या कायद्यांमागचा हेतू वैद्यकीय होता की नाही, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला व्हर्जिनियातील २०१२ च्या घटनाक्रमात मिळते. तेथील विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात सोनोग्राफीचा प्रकार सांगितलेला नव्हता, पण गर्भाचे वय निश्चित होईल असे चित्र मिळाले पाहिजे, अशी अपेक्षा होती. अमेरिकेत दर दहा गर्भपातांपैकी सुमारे नऊ पहिल्या तिमाहीत होतात. त्यातील अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावर प्रोब फिरवून पुरेसे स्पष्ट चित्र पुष्कळदा मिळत नाही, त्यासाठी प्रोब योनीमार्गातून आत घालावा लागतो. म्हणजे वैद्यकीय गरज असो वा नसो, स्त्रीची इच्छा असो वा नसो, कायद्याची अट पूर्ण करण्यासाठी अनेकींच्या शरीरात उपकरण घातले जाणार होते. ही गोष्ट लोकांच्या लक्षात आल्यावर फेब्रुवारीत रिचमंडमधील विधिमंडळाच्या इमारतीसमोर शेकडो स्त्रिया एक शब्दही न उच्चारता, हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. सिनेटर जॅनेट हॉवेल यांनी तर त्याआधीच अशी उपसूचना मांडली होती की, पुरुषांना लैंगिक दुर्बलतेवरील औषध लिहून देण्यापूर्वी त्यांची गुदद्वाराची तपासणी आणि हृदयाची ताणचाचणी सक्तीची करावी. ती २१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळली गेली, पण सक्तीच्या तपासणीचा अर्थ काय, हे सभागृहातल्या पुरुषांना तिने समजावून दिले.

गव्हर्नर बॉब मॅकडोनल यांनी माघार घेतली आणि विधेयक बदलले. नव्या मसुद्यात फक्त पोटावरची सोनोग्राफी सक्तीची राहिली. वृत्तपत्रांनी ही तडजोड म्हणून सांगितली आणि शरीरावरचे एक आक्रमण टळले हे खरेच आहे. तरीही या बदलाकडे वैद्यकीय दृष्टीने पाहावे. वय निश्चित करण्यासाठी सोनोग्राफी आवश्यक आहे असे ज्यांचे म्हणणे होते, त्यांनीच आता अशी तपासणी सक्तीची केली की जिच्यातून सुरुवातीच्या आठवड्यांत वय नीट कळतच नाही. स्पष्ट चित्र मिळो वा न मिळो, विधेयकाच्या समर्थकांना दोन्ही मसुदे चालले. त्यांना माहिती हवी असती तर असे झाले नसते. त्यांना तिला तपासणीच्या टेबलावर एकदा आडवे करायचे होते, एवढाच अर्थ यातून माझ्या हाती लागतो. तो कायदा १ जुलै २०१२ पासून लागू झाला आणि २०२० मध्ये रद्द होईपर्यंत आठ वर्षे चालला.

टेक्सासने २०११ मध्येच आपला कायदा केला होता आणि तो अधिक कडक होता. तेथे गर्भपाताच्या किमान २४ तास आधी सोनोग्राफी करणे आवश्यक होते. जवळचे केंद्र १०० मैलांपेक्षा दूर असेल तर ही मुदत दोन तासांवर येत असे. चित्र दाखवणे, गर्भाची मोजमापे आणि अवयव यांचे वर्णन करणे आणि हृदयाचे ठोके ऐकवणे हे सर्व, जो डॉक्टर गर्भपात करणार त्यानेच करायचे होते. स्त्रीला चित्र पाहण्यास आणि ठोके ऐकण्यास नकार देता येई, वर्णनाला मात्र नकार देता येत नसे. वर्णन टाळण्याची सूट ठरावीक परिस्थितीतच होती आणि ती मिळवण्यासाठी एका छापील नमुन्यावर आपले कारण निवडून सही करावी लागे. बलात्कारातून गर्भ राहिला असेल, तर ती घटना पोलिसांना कळवली आहे, किंवा कळवल्यास आपल्याला गंभीर इजा होण्याचा धोका आहे असे वाटल्याने कळवलेली नाही, असे तिने त्या कागदावर मान्य करायचे होते. मी त्या नमुन्याचा मजकूर वाचला तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही. जिच्यावर असा प्रसंग आला आहे तिने, केवळ एक वर्णन ऐकायचे नाही म्हणून, तो प्रसंग एका अनोळखी टेबलावर सहीनिशी नोंदवायचा. पोलिसांत जाण्याचे टाळण्याची कारणे स्त्रियांकडे पुष्कळ असतात, आणि शरीराला इजा होण्याची भीती हे त्यांतले एकच कारण आहे.

सूट मिळण्याचे आणखी एक कारण म्हणजे गर्भातील असाध्य व्यंग. पण कायदा अंमलात आला त्या सुरुवातीच्या काळात नियम नेमका कसा लावायचा याबद्दल केंद्रांनाही खात्री नव्हती. टेक्सासमधील एका स्त्रीने स्वतःचा अनुभव २०१२ मध्ये लिहून प्रसिद्ध केला होता. तिला ते मूल हवे होते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास व्यंगाचे निदान झाले, तिने आणि तिच्या पतीने अतिशय जड मनाने निर्णय घेतला, त्या दिवसात तिची सोनोग्राफी झालेलीही होती, आणि तरीही केंद्रावर तिला पुन्हा टेबलावर झोपून, त्या गर्भाच्या अवयवांचे वर्णन ऐकावे लागले. वर्णन करणारा डॉक्टर तिची क्षमा मागत होता आणि परिचारिकेने आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला होता. त्या खोलीत असलेल्या कोणालाच हे घडावे असे वाटत नव्हते. घडावे असे वाटणारे लोक ऑस्टिनला विधिमंडळात बसलेले होते.

न्यायालयांत या कायद्यांचे काय झाले ते आता पाहू, कारण खरा वाद तेथेच नीट मांडला गेला. ऑस्टिनचे संघीय जिल्हा न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी ऑगस्ट २०११ मध्ये टेक्सासच्या कायद्यातील डॉक्टरला बोलण्याची सक्ती करणाऱ्या भागाला स्थगिती दिली. पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्या विभागात येते त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती उठवली. न्यायाधीश एडिथ जोन्स यांच्या निकालाचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ मधील केसी खटल्यातील निकाल होता. सत्य, दिशाभूल न करणारी आणि विषयाशी संबंधित माहिती डॉक्टरने रुग्णाला द्यावी असे राज्य सांगू शकते, असे तो निकाल म्हणतो. आणि गर्भाचे प्रत्यक्ष चित्र याहून अधिक सत्य व संबंधित माहिती कोणती असेल, असा जोन्स यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद दुबळा नाही. या कायद्यांचे समर्थन करणाऱ्या सर्वांना स्त्रियांना छळायचे आहे, असेही मी मानत नाही. गर्भ हा पहिल्या दिवसापासून माणूस आहे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्या दृष्टीने त्याचे चित्र दाखवणे म्हणजे खोलीत उपस्थित असलेल्या तिसऱ्या व्यक्तीची ओळख करून देणे होय. शिवाय चित्र खोटे बोलत नाही. ज्या निर्णयानंतर मागे फिरता येत नाही, तो घेण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहून घ्यावी, यात वाईट काय, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जाऊ शकतो आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

माझे उत्तर केसी खटल्यातूनच सुरू होते. पेनसिल्व्हेनियाच्या ज्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा मान्यता दिली, त्यानुसार गर्भाच्या वाढीविषयी राज्याने छापलेली पुस्तिका उपलब्ध आहे, एवढे स्त्रीला सांगणे आवश्यक होते. ती मागायची की नाही, वाचायची की नाही, हे तिच्यावर होते. ही माहिती दिल्याने रुग्णावर गंभीर दुष्परिणाम होईल असे डॉक्टरला सकारण वाटले, तर ती न देण्याची मोकळीकही त्याला होती. टेक्सास आणि उत्तर कॅरोलिनाने या दोन्ही वाटा बंद केल्या. केसीचा दाखला देताना जोन्स यांनी माहितीच्या सत्यतेवर भर दिला आणि ती नाकारण्याच्या स्वातंत्र्याकडे मात्र दुर्लक्ष केले. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९१४ मध्ये, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या शरीराचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क आहे, असे लिहिले, तेव्हापासून संमतीचा कायदा रुग्णाच्या बाजूने उभा आहे. डॉक्टर, मला तपशील नको, तुम्ही उपचार करा, असे म्हणणाऱ्या रुग्णाचा नकार त्या कायद्यात ग्राह्य धरला जातो. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या माणसाला छाती कशी उघडतात याचे चित्रीकरण दाखवल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, असा नियम कोणी केला तर तो सत्य माहितीवरच आधारलेला असेल, पण क्रूर असेल. माहिती खरी आहे एवढ्याने ती कोणावर लादण्याचा अधिकार मिळत नाही.

हीच बाजू चौथ्या सर्किटच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०१४ रोजी उत्तर कॅरोलिनाचा कायदा रद्द करताना घेतली. निकाल लिहिणारे न्यायाधीश हार्वी विल्किन्सन यांची नेमणूक अध्यक्ष रेगन यांनी केलेली होती आणि ते रूढिवादी विचारांचे म्हणून ओळखले जातात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांनी कायद्याची भाषा बाजूला ठेवून ती खोली डोळ्यांसमोर आणली. स्त्री अर्धवट कपड्यांत टेबलावर उताणी पडलेली आहे, प्रोब तिच्या पोटावर किंवा शरीराच्या आत आहे, तिला उठता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी राज्याचे म्हणणे तिच्यापर्यंत पोहोचवले जात आहे. सामान्य संमतीची चर्चा कपडे घालून, खुर्चीत बसून, समोरासमोर प्रश्न विचारत होते, याची त्यांनी आठवण करून दिली. जिचे लक्ष नाही तिच्याशी बोलण्यातून संमती तयार होत नाही, आणि राज्याची विचारसरणी मांडण्याचे काम डॉक्टरवर सोपवणे हा राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे, असे त्यांनी ठरवले. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला ऐकण्यास नकार दिल्याने निकाल कायम झाला. ओक्लाहोमाचा २०१० चा कायदाही असाच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता.

केंटकीत उलटे घडले. तेथे जानेवारी २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने वर्णन न करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या वेळी एक लाख डॉलरपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला होता. त्या वेळी संपूर्ण राज्यात गर्भपाताचे परवानाधारक केंद्र एकच, लुईव्हिलमध्ये उरले होते, म्हणजे हा दंड कोणासाठी होता हे सांगायला नको. सहाव्या सर्किटने एप्रिल २०१९ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो कायदा वैध ठरवला आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निकालाचा आधार घेतला. तो निकाल कॅलिफोर्नियातील गर्भपातविरोधी सल्लाकेंद्रांविषयीचा होता. राज्यात गर्भपाताची सेवा कोठे मिळते ही सूचना लावण्याची त्या केंद्रांवर केलेली सक्ती सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली होती, आणि संमतीविषयक नियम त्याला अपवाद मानले होते. परिणाम असा की, गर्भपाताला विरोध करणाऱ्याला एक सरकारी पाटीसुद्धा लावायला सांगता येत नाही, पण गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला रुग्ण डोळे मिटून पडलेली असताना सरकारी मजकूर बोलायला लावता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालण्यास नकार दिला. चौथे आणि सहावे सर्किट परस्परविरोधी भूमिकांवर उभे राहिले आणि स्त्रीला काय ऐकावे लागेल हे ती कोणत्या राज्यात राहते यावर अवलंबून राहिले.

चित्र पाहून स्त्रीचे मन पालटेल, ही या सर्व कायद्यांमागची आशा आहे आणि ती जुनी आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये अल्ट्रासाउंडचा वैद्यकीय उपयोग मांडणारा शोधनिबंध सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. तेच डोनाल्ड पुढे गर्भपाताचे कट्टर विरोधक झाले आणि गर्भपात मागायला आलेल्या स्त्रियांना ते चित्र दाखवत असत. अमेरिकेत १९८३ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात दोघा लेखकांचा एक छोटा लेख छापून आला. लवकर केलेल्या सोनोग्राफीने आईचे गर्भाशी नाते जुळते आणि त्यामुळे गर्भपात कमी होऊ शकतील, असा तर्क त्यात होता. त्याला आधार होता दोन स्त्रियांच्या अनुभवांचा. दोन स्त्रियांवरून केलेल्या त्या तर्काने पुढे धोरणाचे रूप घेतले आणि २००४ पासून गर्भपातविरोधी संघटनांनी सल्लाकेंद्रांना सोनोग्राफी यंत्रे देण्याचे कार्यक्रमही सुरू केले.

प्रत्यक्षात काय होते, याचा मोठा अभ्यास लॉस एंजेलिसमधील केंद्रांत २०११ साली आलेल्या १५,५७५ स्त्रियांच्या नोंदींवरून झाला. तेथे चित्र पाहणे ऐच्छिक होते आणि ४२.५ टक्के स्त्रियांनी ते पाहिले. पाहिलेल्यांपैकी ९८.४ टक्के स्त्रियांनी गर्भपात केला, न पाहिलेल्यांपैकी ९९ टक्के स्त्रियांनी. ज्यांचा निर्णय आधीच पक्का नव्हता अशा सुमारे ७ टक्के स्त्रियांमध्येच चित्राचा थोडा परिणाम दिसला. विस्कॉन्सिनमध्ये २०१३ चा सक्तीचा कायदा येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा केंद्रावर येऊनही गर्भ पुढे वाढवणाऱ्यांचे प्रमाण ८.७ टक्क्यांवरून ११.२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. हा आकडा मला गैरसोयीचा आहे म्हणून मी तो टाळणार नाही. थोड्या स्त्रियांवर सक्तीचा परिणाम होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपला निर्णय अजून झालेला नाही असे जिला वाटते, तिला ऐच्छिक पद्धतीतही चित्र पाहता येते, प्रश्न विचारता येतात, घरी जाऊन विचार करता येतो. तिच्यासाठी सक्तीची गरज नाही. उरलेल्या मोठ्या संख्येवर सक्ती होते ती केवळ दुःख देण्यापुरती. अमेरिकेत गर्भपात करणाऱ्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे सहा जणींना आधीच मूल आहे. गर्भाचे चित्र त्यांनी यापूर्वी कधीतरी, वेगळ्या आशेने, पाहिलेले असते. आपल्या पोटात काय आहे हे या स्त्रियांना ठाऊक नाही, असे गृहीत धरणारा कायदा त्यांच्या आयुष्याकडे बघतच नाही.

ठोक्यांच्या आवाजाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहाव्या आठवड्याला गर्भ काही मिलिमीटरचा असतो आणि त्याचे हृदय पूर्ण घडलेले नसते. त्या जागच्या पेशींची लयबद्ध हालचाल यंत्राला जाणवते आणि खोलीत जो धडधड आवाज ऐकू येतो तो यंत्राने त्या हालचालीवरून तयार केलेला असतो. ही माहितीही सत्य आणि संबंधितच आहे. ती सांगण्याची सक्ती मात्र कोणत्याही राज्याने डॉक्टरवर केलेली माझ्या वाचनात नाही.

पैसा आणि वेळ यांबद्दल थोडक्यात. २४ तासांची अट म्हणजे दोन फेऱ्या, दोन दिवसांची रजा, घरी मुले असतील तर त्यांना सांभाळणाऱ्याची दोनदा सोय. वर्णन करणारा आणि गर्भपात करणारा डॉक्टर एकच असावा, ही अट असल्याने दुसऱ्या शहरातून आठवड्यातून काही दिवस येणाऱ्या डॉक्टरांचे वेळापत्रक कोलमडले. गरीब स्त्रीच्या सरकारी आरोग्य विम्यातून गर्भपाताचा खर्च मिळू नये, ही संघीय तरतूद १९७६ पासून आहेच. जिच्याकडे गाडी, रजा आणि बचत आहे तिला हा कायदा त्रासदायक ठरतो, आणि जिच्याकडे यांतले काहीच नाही तिच्यासाठी एक-दोन आठवड्यांचा उशीर हा निर्णयच हातातून जाण्याइतका मोठा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यानंतर टेक्सास, केंटकी, लुइझियाना, ओक्लाहोमा येथे गर्भपात जवळजवळ पूर्णपणे बंद झाला, आणि सोनोग्राफीच्या सक्तीवरचा वाद संपला असे पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेल्या कायद्यात गर्भाच्या हृदयाची हालचाल यंत्रावर दिसली की गर्भपाताचा मार्ग बंद होत असे. त्याच्या दहा वर्षे आधी याच राज्याने हेच यंत्र तिला समजावण्यासाठी आणले होते, आता ते तिला परत पाठवण्याचे साधन झाले. यंत्र काय सांगते यावर स्त्रीचा हक्क ठरतो ही सवय कायदे करणाऱ्यांना २०११ मध्येच लागली होती, आणि तेव्हा अनेक सुबुद्ध माणसांनीसुद्धा, एक चित्र तर दाखवायचे आहे, त्यात एवढे काय, असे म्हणून ती सोडून दिली होती.

विस्कॉन्सिनमध्ये हा प्रश्न अजूनही रोजचा आहे. तेथे डॉब्स निकालानंतर १८४९ च्या एका कायद्याच्या भीतीने थांबलेली सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्या जुन्या कायद्याने गर्भपातावर बंदी येत नाही असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले. सोनोग्राफीच्या २०१३ च्या कायद्याला मात्र या निकालाचा स्पर्श झालेला नाही. त्यामुळे तेथे केंद्रावर येणाऱ्या स्त्रीसमोर डॉक्टरने वर्णन करण्याची अट शिल्लक आहे, आणि राज्याची सीमा ओलांडून इलिनॉयमध्ये गेलेल्या स्त्रीला ती लागू होत नाही. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाला संपूर्ण कायदा रद्द करण्याचे धैर्य नसेल, तर निदान दोन बदल तरी त्याने करावेत. सोनोग्राफी आवश्यक आहे की नाही हे डॉक्टरच्या तपासणीवर सोपवावे, आणि चित्र दाखवण्याचे व वर्णन करण्याचे कर्तव्य स्त्रीने तशी विचारणा केली तरच सुरू होईल असे कलमात लिहावे. पाहू इच्छिणाऱ्या एकाही स्त्रीचा हक्क या बदलाने कमी होणार नाही, आणि या कायद्याचा हेतू खरोखर माहिती देण्याचा आहे असे म्हणणाऱ्या सदस्यांनी या बदलाला विरोध का करावा, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.